उपमा येते, तर सिमिली का अडते?

मराठीच्या तासाला उपमेय, उपमान, समान धर्म आणि साम्यवाचक शब्द हे चारही भाग बिनचूक काढून दाखवणारी मुलं पुढच्याच तासाला इंग्रजी कवितेसमोर गप्प होतात. मुंबईतल्या मराठी आणि सेमी इंग्रजी वर्गांत हे सर्रास दिसतं. कारण साधं आहे. दोन विषय, दोन शिक्षक, दोन वह्या. इंग्रजीच्या वहीत 'फिगर्स ऑफ स्पीच' या मथळ्याखाली व्याख्यांची लांबलचक यादी उतरवून दिली जाते. मुलं ती पाठ करतात आणि मग कवितेत 'लाइक' दिसलं की सिमिली, 'इज' दिसलं की मेटाफर, असा शोध चालू होतो. जवळ असलेली शिदोरी उघडायला कोणी सांगतच नाही.

मराठी व्याकरणात शिकलेले अलंकार इंग्रजीत बहुतेक तसेच चालतात. काही ठिकाणी मात्र कुंपण थोडं वेगळ्या जागी आहे, आणि तिथे मराठीची सवयच दगा देते. अशा जागा मोजक्या आहेत. त्या एकदा नीट दाखवल्या की मूल यादीच्या ओझ्यातून सुटतं.

आधी यादीचे दोन भाग करा. आपल्याकडे शब्दालंकार आणि अर्थालंकार अशी विभागणी असते. शाळेच्या इंग्रजीत यादी बहुधा वर्णानुक्रमे येते, त्यामुळे कानाने ओळखायचे अलंकार आणि डोक्याने ओळखायचे अलंकार एकमेकांत मिसळतात. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे अलिटरेशन, ऑनोमॅटोपिया, रिपिटेशन आणि राइम. उजवीकडे सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, हायपर्बली वगैरे बाकीचे सगळे. पन, म्हणजे आपला श्लेष, रेघेवर बसतो. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच सांगितले आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्यातला दीपक सोडला तर उरलेले तीन शाळेच्या कवितांत वारंवार भेटतात. म्हणून वेळ कमी असेल तर आधी या तिघांवर खर्च करावा.

उपमेचं एक उदाहरण जवळून पाहू. 'द जुलै सी वॉज ॲज ब्राउन ॲज टी.' जुलैत मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी उभं राहिलं की हे वाक्य खोटं वाटत नाही. पावसाळ्यात तिथलं पाणी खरंच गढूळ, चहासारखं दिसतं. उपमेय समुद्र, उपमान चहा, समान धर्म तपकिरी रंग, साम्यवाचक शब्द 'ॲज'. चारही घरं भरली, म्हणजे सिमिली. ही चार घरं भरण्याची मराठीतली सवय इंग्रजीत सोन्यासारखी उपयोगी पडते, कारण इंग्रजीच्या वहीतली व्याख्या तिसरं घर विचारतच नाही. उत्तरात मुलं 'समुद्राची तुलना चहाशी केली आहे' इथे थांबतात. कशाबाबत केली आहे हे लिहिलं नाही, तर स्पष्टीकरण अर्धवट राहतं.

आता फसवणाऱ्या जागा. 'आय लाइक मँगोज' यातलं लाइक क्रियापद आहे. 'ॲज द ट्रेन लेफ्ट' यातलं ॲज वेळ सांगतं. आणि 'ही इज ॲज टॉल ॲज हिज ब्रदर' यात ॲज दोनदा येऊनही सिमिली नाही, कारण माणसाची माणसाशी उंची मोजली आहे. तो हिशेब झाला. सिमिलीसाठी दोन गोष्टी वेगळ्या जातीच्या हव्यात. तो माडासारखा उंच असेल तर उपमा, भावाइतका उंच असेल तर नुसती माहिती. मराठीत हे मुलांना आपोआप कळतं. इंग्रजीत शब्दावर नजर खिळल्यामुळे चुकतं.

उत्प्रेक्षेचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. मराठीत 'जणू', 'गमे', 'वाटे' आलं की उत्प्रेक्षा हे वेगळं नाव आहे. शाळेच्या इंग्रजीत त्याला वेगळी खोली नाही. 'ॲज इफ' आणि 'ॲज दो' ही जणूची इंग्रजी रूपं सिमिलीतच जमा होतात. चांगली तयारी असलेली मुलं इथे अडतात. त्यांना फरक जाणवत असतो, पण नाव सापडत नाही. त्यांना सरळ सांगावं, इंग्रजीत इथे सिमिली लिही. व्यतिरेकाचंही, म्हणजे उपमेय उपमानाहून सरस ठरवण्याचंही, तसंच. 'अमृताहून गोड' असं 'दॅन' वापरून आलं आणि त्यात वाढवून सांगितलेलं असेल, तर हायपर्बली लिहिणं योग्य. या शब्दाचा उच्चार हाय-पर-ब-ली असा चार तुकड्यांचा आहे. शेवटचा ई गिळून 'हायपरबोल' म्हणू नये. सिमिलीतही शेवटचा ई असाच उच्चारायचा असतो.

मेटाफर म्हणजे रूपक, इथे वाद नाही. पण 'इज' शोधायची सवय मोडायला हवी. रूपक तीन वेषांत येतं. 'द सिटी इज अ बीहाइव्ह' हा उघड वेष. 'द सिटी, अ बीहाइव्ह, वोक अप' यात इज नाही, दोन नामं नुसती शेजारी ठेवली आहेत. आणि 'द सिटी स्वॉर्म्ड टु वर्क' यात मधमाशी हा शब्दही नाही, क्रियापदातच ती लपली आहे. तिसऱ्या वेषात मुलं सहसा चुकतात, किंवा पर्सॉनिफिकेशन लिहून मोकळी होतात. तिथे एकच प्रश्न विचारायचा: ही क्रिया फक्त माणूस करतो का? प्रार्थना करणं, कुजबुजणं, लाजणं माणसाचं. म्हणून ते पर्सॉनिफिकेशन, आपली चेतनगुणोक्ती. थव्याने उडणं, डरकाळी फोडणं, गिळणं हे प्राण्याचंही आहे, तिथे मेटाफर जास्त बरोबर. चेतनगुणोक्तीची मराठी उदाहरणं बहुतेक निसर्गातली असतात, झाडं, वारा, नदी. इंग्रजीत मात्र डेथ, टाइम, होप अशा अमूर्त कल्पनाही माणूस होऊन येतात. ओळीच्या मध्येच असा शब्द मोठ्या अक्षराने सुरू झाला किंवा पुढे त्याच्यासाठी 'ही' किंवा 'शी' हे इंग्रजी सर्वनाम आलं, की थांबून बघावं.

आता डावीकडचा रकाना. इथे मराठी मुलाजवळ एक साधन आहे: देवनागरी लिपी. राइम उच्चाराची असते, स्पेलिंगची नाही, हे वाक्य सगळे शिक्षक सांगतात, पण मूल स्पेलिंगच बघतं. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द पानाच्या समासात, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागेत, देवनागरीत लिहायचा. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं शेवटी असलेले पाच शब्द घ्या: दो, थ्रू, रफ, कॉफ, बाउ. शेपूट एकच, आणि एकाचाही दुसऱ्याशी यमक नाही. उलट गो, दो, स्नो, टो आणि शिवण्याचा सो, या पाचांची स्पेलिंगं वेगवेगळी आणि यमक पक्कं. लव्ह आणि मूव्ह इंग्रजीत लिहिले तर जुळे वाटतात, देवनागरीत लिहिले की उघडे पडतात. समासात शब्द उतरले की पहिल्याला ए, त्याच्याशी जुळणाऱ्यालाही ए, न जुळणाऱ्याला बी, असं खाली जात राहायचं. ही झाली राइम स्कीम. पूर्ण कविता असेल तर दुसऱ्या कडव्यात पुन्हा ए पासून सुरू करायचं नाही. नवीन ध्वनीला पुढचं अक्षर द्यायचं. परीक्षेत एकच कडवं छापलेलं असेल तर त्याची पहिली ओळ ए.

यमकातली मराठी सवय एका ठिकाणी नडते. मराठीत 'येतो-जातो' असे शेवटचे प्रत्यय सारखे असले की कान समाधान मानतो. इंग्रजीत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, असलेल्या स्वरापासून शब्दाच्या शेवटापर्यंत सगळं जुळावं लागतं. रनिंग आणि सिंगिंग यांत 'इंग' सारखा असला तरी आघात 'रन' आणि 'सिंग'वर आहे, म्हणून हे यमक नाही. रनिंग आणि कनिंग हे यमक. इंग आणि एड या शेपटांमुळे बऱ्याच उत्तरांतली राइम स्कीम बिघडते.

अलिटरेशन हा अनुप्रासाचा धाकटा भाऊ म्हणता येईल. अनुप्रासात वर्ण ओळीत कुठेही पुन्हापुन्हा आला तरी चालतो. अलिटरेशनमध्ये तो ध्वनी शब्दाच्या सुरुवातीला हवा आणि ते शब्द जवळजवळ हवेत. इथेही देवनागरी मदतीला येते: सिटी आणि कॅट दोन्ही सी अक्षराने सुरू होतात, पण एक स आणि एक क. फोन आणि फॅन यांची अक्षरं वेगळी, ध्वनी एक. शुगर आणि सी जुळत नाहीत. द, दॅट, दे असे किरकोळ शब्द मोजायचे नाहीत. नाम, क्रियापद, विशेषण यांच्याकडे बघायचं.

पण या साधनाला एक मोठं भोक आहे आणि ते मुलांना आधीच दाखवलं पाहिजे. इंग्रजीतला व्ही आणि डब्ल्यू आपण एकाच 'व'ने लिहितो आणि बहुतेक वेळा उच्चारतोही तसाच. 'व्हेरी वेट विंडो' मराठी कानाला अनुप्रास वाटतो. त्यात वेट आणि विंडो जुळतात, व्हेरी जुळत नाही. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि दात कुठे लागत नाहीत. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं की कळतं. देवनागरीत उतरवताना व्हीसाठी कटाक्षाने 'व्ह' लिहायची शिस्त लावली तर हे भोक बुजतं.

ऑनोमॅटोपियाचा मूळ ग्रीक अर्थ नाव घडवणं असा आहे, आवाजावरून घडवलेलं नाव. मराठीइतकी अनुकरणवाचक शब्दांची श्रीमंती फार थोड्या भाषांत असेल. किलबिल, खळखळ, गडगडाट, सळसळ. मुलाला एवढं सांगितलं तरी कल्पना कळते. धोका पुढे आहे. आपल्याकडे झगमग, लखलख, चमचम हेही त्याच घाटाचे शब्द आहेत, पण त्यांत आवाज नाही, ते डोळ्यांचे आहेत. म्हणून मुलं ग्लिटर आणि स्पार्कल या शब्दांनाही ऑनोमॅटोपिया म्हणतात. कसोटी एकच: डोळे मिटल्यावर ते ऐकू येईल का? बझ, हिस, क्लँग ऐकू येतात, स्पार्कल नाही. स्पेलिंगची धास्ती असेल तर त्या बारा अक्षरांचे चार-चारचे तीन डबे करायचे: ओ-एन-ओ-एम, ए-टी-ओ-पी, ओ-ई-आय-ए.

आता इन्व्हर्जन. हा अलंकार मराठी मुलांकडून सगळ्यात जास्त सुटतो आणि त्याचं खरं कारण क्वचितच सांगितलं जातं. इंग्रजी वाक्यात कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम पक्का असतो. कवीने तो मोडला की इंग्रजी कानाला खटकतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि विभक्ती असल्यामुळे बाकीचे शब्द बरेच मोकळे फिरतात. त्यामुळे 'डाउन द हिल द चिल्ड्रन रॅन' ही ओळ मराठी मुलाला अगदी सरळ वाटते, 'टेकडीवरून मुलं धावत आली' तसाच तर क्रम आहे! खटकतच नाही, मग ओळखणार कसं? इथे कानावर विसंबू नये. ओळीतलं क्रियापद अधोरेखित करा, त्याचा कर्ता शोधा, कर्ता-क्रियापद-बाकीचं असं गद्य वाक्य शेजारी लिहा. मूळ ओळ आणि गद्य वाक्य वेगळी निघाली तर इन्व्हर्जन. हे पाच-सहा कवितांवर केलं की सवय होते. क्रम मोडण्याचं कारण पुष्कळदा यमक हेच असतं, ते उत्तरात लिहावं.

मेटॉनिमी आणि सिनेक्डकी ही नावं ऐकूनच मुलं हात टेकतात. खरं तर मराठीत हे लक्षणा म्हणून शिकलेलं असतं. 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' हे व्याकरणाच्या पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण. बांगडीने बाईचं सौभाग्य सुचवलं. मंत्रालयाने निर्णय घेतला म्हणजे सरकारने घेतला, दलाल स्ट्रीट घाबरला म्हणजे शेअर बाजार. संबंधित वस्तूचं किंवा जागेचं नाव घेऊन मूळ गोष्ट सांगणं, ही मेटॉनिमी. त्याच वस्तूचा एक भाग घेऊन सगळी वस्तू सांगणं, ही सिनेक्डकी: घरात खाणारी तोंडं सहा. तोंड माणसाचाच भाग आहे. मंत्रालयाची इमारत सरकारचा अवयव नाही. एवढा फरक पुरे.

विरोधाच्या तीन अलंकारांत आपल्याकडे एकच नाव पटकन आठवतं, विरोधाभास. इंग्रजीत लांबी बघायची. दोन विरुद्ध शब्द एकमेकांना चिकटून आले, जसं 'ओपन सीक्रेट', तर ऑक्सिमोरॉन. ग्रीकमध्ये ऑक्सिस म्हणजे धारदार आणि मोरॉस म्हणजे बोथट, मंद, म्हणजे हे नावच स्वतःचं उदाहरण आहे. विरुद्ध अर्थाचे शब्द ओळीच्या दोन बाजूंना तोलून ठेवले तर अँटिथिसिस. आणि पूर्ण विधानच अशक्य वाटून विचार केल्यावर खरं निघालं, तर पॅराडॉक्स. तोच आपला खरा विरोधाभास. ट्रान्सफर्ड एपिथेट म्हणजे विशेषणाने घर बदलणं: 'स्लीपलेस नाइट' मध्ये झोप माणसाची उडालेली असते, रात्रीची नव्हे. अपॉस्ट्रॉफी म्हणजे समोर नसलेल्याला किंवा निर्जीवाला हाक मारणं, 'ओ रेन!' अशी, अक्षरावरच्या स्वल्पचिन्हाचं नावही तेच, म्हणून गोंधळ होतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध जोडायला जाऊ नये.

हे सगळं एकत्र कसं चालवायचं ते दाखवण्यासाठी चार ओळी मुद्दाम रचल्या आहेत:

स्लोली द सिल्व्हर लोकल स्लिड टु शोअर,
लाइक अ टायर्ड बोट दॅट वॉन्ट्स टु सेल नो मोअर;
दि ओल्ड ब्रिज प्रेड, द बझिंग क्राउड केम डाउन,
अँड अम्ब्रेलाज, ब्लॅक फ्लॉवर्स, फिल्ड द टाउन.

पहिलं वाचन मोठ्याने, अर्थाचा विचार न करता. शोअर-मोअर, डाउन-टाउन: राइम स्कीम ए ए बी बी. स्लोली, सिल्व्हर, स्लिड या तिघांत स चा अलिटरेशन आहे. शोअरचं स्पेलिंग एसने सुरू होतं, पण ध्वनी श, म्हणून तो यात धरायचा नाही. क्राउड केम मध्ये क, फ्लॉवर्स फिल्ड मध्ये फ. बझिंग ऐकू येतं, म्हणून ऑनोमॅटोपिया. दुसरं वाचन अर्थासाठी. लाइकने लोकल आणि होडी जोडली, समान धर्म थकवा: सिमिली. होडीला आणखी पुढे जावंसं वाटत नाही, म्हणून त्याच ओळीत पर्सॉनिफिकेशनही आहे. एका ओळीत दोन अलंकार असणं चूक नाही. पूल प्रार्थना करतो, हे निव्वळ माणसाचं काम. छत्र्यांशेजारी 'ब्लॅक फ्लॉवर्स' ठेवलंय, इज नाही, लाइक नाही: मेटाफर. आणि 'शोअर' हाही लपलेला मेटाफर, फलाटाला किनारा म्हटलंय. पहिल्या ओळीत स्लोली पुढे आलं म्हणून इन्व्हर्जन लिहिण्याचा मोह टाळावा. असं क्रियाविशेषण साध्या गद्यातही पुढे येतं, उत्तर कमकुवत ठरतं.

उत्तर लिहिताना तीन वाक्यं पुरतात: अलंकाराचं नाव, ओळीतले नेमके शब्द, आणि त्यांनी काय साधलं. दुसऱ्या ओळीसाठी असं: 'द फिगर ऑफ स्पीच इज सिमिली. द लोकल ट्रेन इज कम्पेअर्ड टु अ टायर्ड बोट विथ द वर्ड लाइक. बोथ आर स्लो अँड वेअरी.' शेवटचं वाक्य म्हणजे तेच उपमेचं तिसरं घर.

वृत्ताबद्दल थोडक्यात. मराठीत आपण लघु-गुरू किंवा मात्रा मोजतो, इंग्रजीत आघात मोजतात, म्हणून वृत्ताची मराठी सवय तिथे नेऊ नये. फ्री व्हर्स म्हणजे मुक्तछंद, ना यमक ना ठरलेलं वृत्त. ब्लँक व्हर्समध्ये यमक नसतं, पण वृत्त असतं, ओळीला साधारण दहा सिलेबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे. यमक दिसलं नाही की धाडकन फ्री व्हर्स लिहू नये. बोटांवर मोजून बघावं. सॉनेटला चौदा ओळी. मराठीत ते सुनीत झालं, आणि आणलं केशवसुतांनी.

रसग्रहणात शीर्षक, कवी, राइम स्कीम आणि अलंकार झाले की थीम विचारतात, आणि इथे मुलं एक शब्द लिहून थांबतात: 'रेन', 'ट्रेन'. तो विषय झाला. थीम म्हणजे त्या विषयाबद्दल कविता काय म्हणते, आणि ती पूर्ण वाक्यातच सांगता येते. कवितेचा सारांशही नको. पूल, होडी, छत्री ही नावं गाळून वाक्य लिहून बघायचं. वरच्या ओळींचं असं निघेल: रोजच्या थकवणाऱ्या प्रवासातही शहर अचानक सुंदर दिसतं. वाक्य सुचत नसेल तर शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचाव्यात, आणि टोन कुठे बदलला ते शोधावं. इथे 'टायर्ड'पासून 'फ्लॉवर्स'पर्यंत जो बदल आहे, त्यातच थीम आहे.